शरीराला साजेसा खेळ : गोंदिया जिल्ह्यात व्यायामाची निवड कशी करावी?

व्यायाम करावा, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. कोणता करावा, हे सांगणारे थोडे. परिणामी कोणी मित्र धावतो म्हणून धावू लागतो, कोणी दूरचित्रवाणीवर कबड्डी पाहून चाळिशीत मैदानात उतरतो, तर कोणी व्यायामशाळेचे वर्षभराचे शुल्क भरून दुसऱ्या महिन्यात तिकडे फिरकत नाही. खेळ वाईट नसतो, माणूसही आळशी नसतो. जोडी चुकलेली असते.

ही जोडी जुळविताना आपण कोठे राहतो, याचा विचार सहसा केला जात नाही. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला आठ तालुक्यांचा गोंदिया जिल्हा या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. धानाच्या बांध्या, माजी मालगुजारी तलाव, नवेगाव-नागझिऱ्याचे जंगल, शहरातील राईस मिल आणि घरोघरी चालणारे बिडीकाम अशा अगदी भिन्न वातावरणात येथील माणसे राबतात. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, पावसाळ्यात सरासरी १,२०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर हिवाळ्यात विदर्भातील सर्वांत कमी तापमानाची नोंद अनेकदा गोंदियातच होते. त्यात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा पूर्व विदर्भातील प्रादुर्भाव लक्षात घ्यावा लागतो. म्हणून येथे खेळाची निवड चार प्रश्नांवर ठरवावी : रोजचे काम कोणते, ऋतू कोणता, प्रकृती कशी आणि जवळ जागा कोणती?

किती व्यायाम पुरेसा?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूत्रांनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस श्रमाचा व्यायाम करावा. शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत. ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलामुलींसाठी हे प्रमाण रोज सरासरी ६० मिनिटे आहे. मध्यम श्रम ओळखण्याची खूण सोपी आहे. चालताना किंवा खेळताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, तेव्हा श्रम मध्यम समजावेत. दोन-चार शब्दांनंतर दम घ्यावा लागला, तर ते जोरकस श्रम होत. चालण्याच्या बाबतीत मिनिटाला सुमारे १०० पावले हा मध्यम वेग धरता येतो.

या मोजपट्टीवर आपण मागे आहोत. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करीत नाहीत आणि हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक आहे. देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीतून २०२३ मध्ये पुढे आला. मधुमेह आता केवळ शहराचा विकार उरलेला नाही. शेतात यंत्र आले आणि दारात मोटारसायकल आली, तसे गावातील श्रमही घटले आहेत.

आधी आपले काम पाहावे

कामातून शरीराला जे मिळत नाही, ते खेळातून मिळवावे, हे निवडीचे पहिले सूत्र होय. कामात झालेले श्रमही व्यायामाच्या हिशेबात धरले जातात. त्यामुळे रोवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात सात-आठ तास वाकून राबणाऱ्या स्त्रीला ‘रोज अर्धा तास चाला’ असे सांगणे निरर्थक ठरते. तिला त्या काळात अधिक श्रमांची गरज नसते. गरज असते ती सतत पुढे वाकलेली कंबर उलट दिशेने मोकळी करण्याची. भुजंगासन, पाठीवर झोपून गुडघे छातीशी घेणे, उभ्याने हात वर ताणणे असे दहा मिनिटांचे व्यायाम तिला पुरेसे होतात. मात्र धानाची कापणी व चुरणी आटोपल्यानंतर, उन्हाळी धान नसलेल्या कुटुंबात हालचाल एकदम मंदावते. वर्षातील काही महिने अतिश्रम आणि काही महिने विश्रांती, हा शेतकऱ्याच्या शरीराचा खरा प्रश्न आहे. त्या मोकळ्या महिन्यांत सायकल, भरभर चालणे किंवा संध्याकाळी व्हॉलीबॉल असा नियम ठेवल्यास पुढच्या हंगामात कंबर व गुडघे साथ देतात.

बिडीकाम करणाऱ्या स्त्रियांची स्थिती याच्या उलट असते. मांडी घालून, मान खाली घालून त्या तासन्‌तास बसतात. बोटे सतत चालतात, पण पाय निष्क्रिय राहतात. त्यांनी दर तासाने उठून पाच मिनिटे फिरावे, खांदे मागे फिरवावेत, मान सावकाश दोन्ही बाजूंना वळवावी आणि दिवसातून एकदा तरी मोकळ्या हवेत भरभर चालावे. मात्र दम लवकर लागत असेल किंवा चक्कर येत असेल, तर आधी हिमोग्लोबिन तपासावे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. रक्त कमी असताना केलेला जोरकस व्यायाम बळ देण्याऐवजी थकवा देतो.

राईस मिलमध्ये पोती वाहणाऱ्या हमालाला वजने उचलण्याच्या व्यायामाची फारशी आवश्यकता नसते. त्याला सांधे लवचिक ठेवणारी आसने व श्वसनाचे व्यायाम अधिक उपयुक्त ठरतात. दुकानदार, कारकून, शिक्षक व संगणकासमोर बसणाऱ्यांना मात्र दोन्ही हवे : आठवड्यातून पाच दिवस चालणे, सायकल किंवा बॅडमिंटन आणि दोन दिवस जोर, बैठका किंवा सूर्यनमस्कार.

ऋतुमानाप्रमाणे खेळ

वर्षभर एकच खेळ, एकाच वेळी खेळण्याचा हट्ट या हवामानात टिकत नाही. व्यायामाचे वेळापत्रक शेतीच्या वेळापत्रकासारखेच ऋतूप्रमाणे बदलावे.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा मैदानी खेळांचा उत्तम काळ. दिवाळीनंतर गावोगाव मंडईचे दिवस येतात. धावणे, कबड्डी, खो-खो, क्रिकेट, लांब पल्ल्याची सायकल यांची सुरुवात याच काळात करावी. सालेकसा तालुक्यातील हाजरा धबधब्याचा परिसर, कचारगडाच्या गुहा किंवा अर्जुनी मोरगाव तालुक्यातील प्रतापगडचा डोंगर येथे चढ-उताराचा उत्तम व्यायाम घडतो. माघ पौर्णिमेच्या सुमारास कचारगडाला येणारे हजारो गोंड भाविक हा चढ श्रद्धेने चढतात. कडाक्याच्या थंडीत मात्र हृदयविकार, दमा किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी पहाटेचा हट्ट सोडून ऊन पडल्यावर बाहेर निघावे.

मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत व्यायाम सकाळी सातपूर्वी आटोपावा. वाढत्या उन्हाची सवय होण्यास शरीराला साधारणतः दहा ते चौदा दिवस लागतात; म्हणून उन्हाळ्याच्या प्रारंभी वेळ व वेग दोन्ही कमी करून हळूहळू वाढवावेत. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. घाम अधिक गेला असल्यास लिंबू-मीठ-साखरेचे पाणी किंवा मीठ घातलेले ताक घ्यावे. खेळताना घाम येणे थांबले किंवा बोलणे असंबद्ध होऊ लागले, तर तो उष्माघात समजून व्यक्तीस सावलीत न्यावे, कपडे सैल करून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. घाम येत असला तरी उष्माघात होऊ शकतो, हेही ध्यानात ठेवावे.

पावसाळ्यात मैदाने चिखलाची होतात, बांधावरच्या पायवाटांवर साप निघतात. या तीन महिन्यांत सूर्यनमस्कार, योगासने, दोरीवरच्या उड्या, बॅडमिंटन, टेबल टेनिस असे छपराखालचे व्यायाम सोयीचे ठरतात. पावसाळी दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे तापमान कमी भासले तरी पाणी कमी पिऊ नये.

जंगलालगतच्या गावांसाठी आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. नवेगाव-नागझिरा परिसर २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. वाघ, बिबट व अस्वल यांचा वावर असलेल्या वाटांवर अंधारात एकट्याने फिरणे किंवा धावणे टाळावे. मोहफुले वेचण्याच्या दिवसांत अस्वलेही त्याच फुलांच्या ओढीने झाडाखाली येतात. अशा गावांत शाळेचे पटांगण किंवा गावाबाहेर न जाणारा रस्ता हेच योग्य मैदान समजावे.

प्रत्येक खेळाचा स्वभाव वेगळा

कबड्डी हा कमी खर्चाचा आणि अस्सल मातीतला खेळ. विदर्भाचे त्याच्याशी जुने नाते आहे; १९१४ मध्ये स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तेथे या खेळाचे प्रात्यक्षिक दाखविले होते. ताकद, चपळाई व श्वासावरील ताबा हे तिन्ही गुण तो मागतो. परंतु एकदम वळणे, घसटणे व पकडीतून सुटणे यांमुळे गुडघा, घोटा आणि खांदा यांना इजा होण्याचा धोका असतो. मांड्यांचे स्नायू बळकट केल्याशिवाय आणि मैदान खडेविरहित केल्याशिवाय हा खेळ खेळू नये. बरीच वर्षे व्यायाम सुटलेल्या मध्यमवयीनांनी त्याने सुरुवात करू नये.

खो-खोमध्ये अंगाला अंग भिडत नाही. वेग, वळण व सतर्कता यांचा तो खेळ आहे. परंपरागत नियमांत बारापैकी नऊ खेळाडू मैदानात उतरतात, त्यामुळे एका लहानशा पटांगणावर अनेक मुलामुलींना संधी मिळते. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत झालेल्या पहिल्या विश्वचषक स्पर्धेत भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी विजेतेपद मिळविले. शालेय मुलींसाठी यासारखा सर्वांगसुंदर खेळ दुसरा क्वचितच सापडेल.

सायकल गुडघ्यांवर शरीराचा भार पडू देत नाही. त्यामुळे वजन अधिक असलेल्यांना व संधिवाताची सुरुवात असलेल्यांना ती मानवते. जिल्ह्याचा बराचसा भाग सपाट असल्याने शाळा, बाजार व कार्यालय यांच्या फेऱ्या सायकलने केल्यास व्यायामासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. पॅडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील, अशा उंचीवर सीट ठेवावी आणि मागे लाल दिवा किंवा चमकपट्टी अवश्य लावावी.

पोहणे हा सर्वांगाचा व्यायाम आणि उन्हाळ्यातील आनंदही. तलावांच्या या जिल्ह्यात पोहणे येणे ही सुरक्षिततेचीही गरज आहे. तथापि गावतलावात गाळ, पाणवनस्पती व शिंगाड्याचे वेल असतात, तर धरणांच्या कालव्यांत पाण्याला ओढ असते. पोहणे शिकण्याची जागा तलाव नव्हे, तर प्रशिक्षक असलेला जलतरण तलाव होय. पोहता येत असले तरी अनोळखी पाण्यात एकट्याने उतरू नये.

व्हॉलीबॉलला एक जाळी आणि एक चेंडू एवढेच भांडवल लागते. वीस ते पन्नास वयाची माणसे एकत्र खेळू शकतात. नृत्यही यात मोजावे. गोंड समाजातील रेला नृत्यात हातात हात गुंफून तासभर धरलेला ताल हा उत्तम मध्यम श्रमच आहे. मैदानात जाण्यास संकोच वाटणाऱ्या स्त्रियांना घराच्या अंगणात हा मार्ग सहज मोकळा असतो.

सिकलसेल : आधी तपासणी, मग मैदान

पूर्व विदर्भात खेळाची निवड करताना हा विषय टाळता येत नाही. आईवडील दोघांकडून सिकलसेलचा दोष आलेली व्यक्ती रुग्ण असते. एकाकडूनच आलेली व्यक्ती वाहक असते. वाहकाला बहुधा कोणताही त्रास होत नाही आणि अनेकांना आपण वाहक आहोत हे ठाऊकही नसते. सोल्युबिलिटी चाचणीने प्राथमिक निदान होते, तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीने रुग्ण की वाहक हे निश्चित कळते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेतही तपासणीवर भर देण्यात आला आहे. नजीकच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात याची चौकशी करावी.

वाहकाने खेळ सोडण्याचे कारण नाही. अमेरिकी सैन्यातील सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांच्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वाहकांमध्ये मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले नाही. मात्र अतिश्रमाने स्नायूंच्या पेशी फुटण्याचा धोका त्यांच्यात अधिक असल्याचे दिसून आले. यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. वाहकाने तयारीविना एकदम जोर लावून धावू नये, तहानलेल्या अवस्थेत किंवा तापात सराव करू नये, कडक उन्हात विश्रांतीचे टप्पे ठेवावेत. पायात गोळा न येताच स्नायू अशक्त व वेदनायुक्त झाले किंवा लघवी काळसर झाली, तर तत्काळ थांबून रुग्णालय गाठावे. ‘थोडे दुखणारच’ असे म्हणून अशा मुलाला आणखी एक फेरी मारायला लावणे जिवावर बेतू शकते.

सिकलसेलच्या रुग्णांनी मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच खेळ निवडावा. सावकाश चालणे, हलकी सायकल, योगासने, दुहेरी बॅडमिंटन यांसारखे मध्येमध्ये थांबता येणारे प्रकार त्यांना झेपू शकतात. थंड पाण्यात पोहणे व थंडीत उघड्या अंगाने खेळणे टाळावे, कारण थंडीने वेदनेचा झटका येऊ शकतो. शाळेत अशा मुलाला खेळाच्या तासाला वर्गात बसवून ठेवण्यापेक्षा पाण्याची बाटली आणि थांबण्याची मुभा देऊन मैदानात आणणे अधिक श्रेयस्कर होय.

भरतीच्या सरावाची वेगळी गोष्ट

जिल्ह्यातील असंख्य तरुण-तरुणींसाठी धावणे हा छंद नसून उपजीविकेचा मार्ग आहे. पोलीस शिपाई पदाच्या शारीरिक चाचणीत पुरुषांना १,६०० मीटर व १०० मीटर, तर महिलांना ८०० मीटर व १०० मीटर धावावे लागते. दोघांनाही गोळाफेक असते. वनरक्षकाच्या चाचणीत पुरुषांना ५, तर महिलांना ३ किलोमीटर धावावे लागते. जाहिरात निघाल्यावर महिनाभरात हे साधण्याच्या घाईतून दुखापती होतात.

२०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झारखंडमधील अबकारी शिपाई भरतीत १० किलोमीटर धावण्याच्या चाचणीदरम्यान दहाहून अधिक उमेदवार दगावले. जानेवारी २०२५ मध्ये बीड जिल्ह्यात पहाटे रस्त्यावर भरतीचा सराव करणाऱ्या तीन तरुणांचा बसच्या धडकेने मृत्यू झाला. या दोन घटनांचे धडे निरनिराळे, पण दोन्ही गोंदियाला लागू आहेत. तयारी किमान चार ते सहा महिने आधी सुरू करावी. अंतर आठवड्याला सुमारे दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये. आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी. सिमेंटच्या रस्त्याऐवजी मातीवर धावावे. वेग वाढविण्यासाठी बाजारातील उत्तेजक गोळ्या किंवा इंजेक्शने मुळीच घेऊ नयेत. महामार्ग हे धावण्याचे मैदान नव्हे. पर्यायच नसेल, तर समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने, फिकट रंगाचे कपडे घालून आणि कानात गाणी न लावता धावावे. त्याहून चांगले म्हणजे ग्रामपंचायतीने शाळेच्या किंवा गावठाणाच्या जागेत २०० मीटरची मातीची धावपट्टी आखून द्यावी. चुन्याची रेघ आणि थोडे श्रमदान यांपलीकडे तिला फारसा खर्च येत नाही.

वयाप्रमाणे बदल

बारा वर्षांखालील मुलांना एकाच खेळात जखडू नये. धावणे, झाडावर चढणे, दोरीच्या उड्या, खो-खो अशा विविध हालचालींतून पुढील सर्व खेळांचा पाया घातला जातो. पस्तिशीनंतर नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी रक्तदाब व साखर तपासून घ्यावी. छातीत दुखणे, थोड्या श्रमाने धाप लागणे किंवा कुटुंबात कमी वयातील हृदयविकाराचा इतिहास असल्यास डॉक्टरांची भेट आधी, मैदान नंतर. मधुमेहींनी अनवाणी चालू नये आणि खिशात साखर किंवा गूळ ठेवावा. पासष्टीपुढील व्यक्तींनी चालण्याबरोबरच आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम करावेत. खुर्चीचा आधार घेऊन एका पायावर उभे राहणे, खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे यांसारख्या साध्या कृतींनी पडण्याचा आणि खुब्याचे हाड मोडण्याचा धोका घटतो.

निवड पक्की कशी करावी?

आपले काम, ऋतू आणि प्रकृती पाहून दोन खेळ निवडावेत : एक मोकळ्या हवेतला, एक छपराखालचा. दोन्हींची जागा घरापासून दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर असावी. दूरचे मैदान सहसा सुटते. पहिले दोन आठवडे रोज पंधरा मिनिटांवर थांबावे, नंतर वेळ वाढवावा. खेळण्याआधी पाच-दहा मिनिटे अंग गरम करावे आणि शेवटी सावकाश थांबावे. सोबतीला एक माणूस जोडावा. सोबत असली की नागा कमी होतात आणि अडचणीच्या वेळी मदतही मिळते. दीड महिन्यानंतर स्वतःलाच तीन प्रश्न विचारावेत : झोप सुधारली का, रोजचे काम हलके वाटते का, उद्या पुन्हा खेळावेसे वाटते का? तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल, तर खेळ जुळला. नसेल, तर व्यायाम न सोडता खेळ बदलावा.

शेतकरी बांधीचा पोत पाहून धानाचे वाण निवडतो. शेजाऱ्याच्या शेतात पिकले म्हणून तेच आपल्याकडे पिकेल, असे तो मानत नाही. शरीराच्या बाबतीतही हाच विवेक बाळगावा.